पालथं की उताणं?

मुतखड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं की घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. खडा केवढा आहे, टाके किती, घरी कधी सोडणार? रुग्णाला टेबलावर पालथं निजवणार की उताणं, हे सहसा कुणी विचारत नाही. पाठीच्या किंवा कुशीच्या बाजूने बोटाएवढी वाट करून मूत्रपिंडातला मोठा खडा फोडून काढतात, त्या शस्त्रक्रियेला डॉक्टर पीसीएनएल म्हणतात. यात एका सर्जनची रीत दुसऱ्याहून वेगळी असते आणि हा वेगळेपणा सुई टोचण्याच्या आधी, या निजवण्यातच सुरू होतो. गाण्यात असतात तशी इथेही घराणी आहेत आणि दोन्ही घराण्यांची वंशावळ सांगता येते.

पालथं घराणं थोरलं. मूत्रपिंडं पोटाच्या मागच्या भिंतीला टेकलेली असतात, आतडी ज्या पातळ आवरणात असतात त्याच्याही मागे. म्हणजे पाठीकडून गेलं तर ते आवरण न फाडता मूत्रपिंड गाठता येतं. दुसरं कारण एका चित्रकाराने दिलं. मॅक्स ब्रोडेल मूळचे जर्मनीचे, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रियांची चित्रं काढायचे. मूत्रपिंडाच्या पुढच्या आणि मागच्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवर मोठ्या वाहिन्या नसलेला एक पट्टा असतो, हे त्यांनी 1901 मध्ये दाखवलं. मूत्रपिंडात लघवी जमा होते त्यांतल्या मागच्या कप्प्यात सुई घालायची तर मागून, जराशी बाजूने, याच पट्ट्यातून जावं. रक्त कमी जातं. आजही शिकाऊ सर्जनला ब्रोडेलची रेषा शिकवतात ती यासाठी.

या वाटेने सुई गेली ती मात्र चुकून. लॉस एंजेलिसचे विलर्ड गुडविन रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढण्यासाठी सुई घालत होते आणि ती लघवी साचून फुगलेल्या मूत्रपिंडात शिरली. ती चूक गुडविन यांनी झाकली नाही, तिची पद्धत केली. तुंबलेलं मूत्रपिंड पाठीतून नळी घालून मोकळं करता येतं, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे 1976 मध्ये स्वीडनच्या फेर्नस्ट्रोम आणि योहानसन यांनी मुद्दाम खडा काढण्यासाठीच अशी वाट तयार केली. जर्मनीत माइन्झच्या पीटर आल्केन यांनी एकात एक बसणाऱ्या धातूच्या नळ्यांनी ती रुंद केली, मिनेसोटात कुर्ट अम्प्लाट्झ यांनी तिच्यात राहणारी प्लास्टिकची नळी दिली. या कामात क्ष-किरणतज्ज्ञांचा वाटा मोठा होता. त्यांच्या टेबलावर पालथ्या माणसाची पाठ मोकळी, सपाट समोर येते. पालथं निजवणं रूढ झालं ते मला वाटतं या सोयीमुळे. उताण्याशी तुलना करून कुणी ते निवडलेलं नव्हतं.

या सोयीची किंमत भूलतज्ज्ञ मोजत होता. आधी रुग्णाला उताणं ठेवून भूल द्यायची, लघवीच्या मार्गाने वर एक बारीक नळी सरकवायची आणि मग त्या बेशुद्ध देहाला चार-पाच जणांनी मिळून उलटं करायचं. श्वासाची नळी सुटता कामा नये, मान मुरगळता कामा नये, डोळ्यांवर आणि पोटावर दाब येता कामा नये. लठ्ठ माणसाच्या, पाठीला बाक असलेल्याच्या किंवा कमजोर हृदयाच्या रुग्णाच्या बाबतीत हे उलटणं खरोखर जिवावरचं असतं. या बाजूने विचार करायला शस्त्रक्रियेच्या जगाने फार उशीर लावला.

विचार केला तो स्पेनमधल्या झारागोझाच्या होसे गाब्रिएल वाल्दिव्हिया उरिया यांनी. रुग्ण उताणाच ठेवायचा आणि कुशीखाली तीन लिटरची पिशवी सरकवून ती बाजू उचलायची, एवढंच. 1987 मध्ये त्यांनी हे स्पॅनिशमध्ये लिहिलं. 557 रुग्णांचा अनुभव इंग्रजीत आला 1998 मध्ये. उताण्या माणसात सुई आतड्यात जाईल, ही सगळ्यांची धास्ती होती. पण त्याच 1987 साली सीटी स्कॅनच्या एका अभ्यासात उलटंच दिसलं होतं. मोठं आतडं मूत्रपिंडाच्या मागे सापडण्याचं प्रमाण उताणं असताना 1.9 टक्के होतं, पालथं असताना 10 टक्के. पोट दाबलं गेलं की आतडं मागे सरकतं, हे सरळ कारण.

उताण्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. नळीचा रेटा बसला की मूत्रपिंड पुढे घसरतं, वाट लांब पडते, वरच्या कप्प्यात जाणं अवघड होतं, दुसरी सुई घालायला जागा कमी उरते. 2007 ते 2009 या काळात जगातल्या 96 केंद्रांतल्या 5,803 रुग्णांची नोंद झाली. त्यांतले सुमारे चार-पंचमांश पालथे होते. पालथ्यांत वेळ थोडा कमी लागला आणि खडे जास्त निघाले. पण कोणाला कसं निजवायचं हे तिथे ज्याच्या त्याच्या सवयीने ठरलेलं होतं, म्हणून त्या आकड्यांवरून निकाल देणं मला पटत नाही.

धाकट्या घराण्याला बळ आलं ते एका जोडकामामुळे. बास्क प्रांतातल्या गाल्दाकाओच्या इबार्लुसेआ यांनी एक पाय लांब, एक पाय दुमडून बाजूला, अशी रचना 2007 मध्ये मांडली. त्यामुळे एक सर्जन कुशीतून आणि दुसरा लघवीच्या मार्गाने, दोघे एकाच वेळी एकाच मूत्रपिंडात उतरू शकतात. वरून सापडत नाही तो तुकडा खालचा ढकलून हाताशी देतो. इटलीच्या स्कोफोने यांनी 2008 मध्ये या जोडकामाला स्वतंत्र नाव दिलं. इराणमध्ये रश्तच्या फलाहतकर यांनी तर पिशवीही काढून टाकली आणि रुग्णाला सरळ उताणं ठेवलं.

युरोपीय मूत्रशल्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत आता दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित मानल्या आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून पालथी पद्धतच आधी शिकवली जाते आणि ज्या गुरूच्या हाताखाली शिकलं त्याचाच हात पुढे चालतो. दोन्ही येणारा सर्जन मात्र सीटी स्कॅन पाहून, भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवतो. खडा वरच्या कप्प्यांत फांद्या फुटल्यासारखा पसरलेला असेल आणि छाती धडधाकट असेल तर पालथं. रुग्ण लठ्ठ असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा खड्याचा एक तुकडा मूत्रनळीत उतरलेला असेल, तर उताणं.