घर दोघांचं, पण कागद कोणाचा?

इतकी वर्षं तालुक्याच्या बातम्या करताना एक गोष्ट पक्की कळली. माणूस गेला की तेराव्याच्या आत सातबाऱ्याची चौकशी सुरू होते. कोण कोणाचं होतं, हे मग घरात नाही, फेरफारात ठरतं.

परवा एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "अमेरिकेत दोन पुरुषांचं, दोन बायांचं लग्न होतं ना? मग एक जण गेला की घर कोणाला?" का विचारतोय, ते मी विचारलं नाही. उत्तर मोठं आहे, म्हणून इथे लिहितोय.

तिथला लढासुद्धा घरापासूनच पेटला. न्यूयॉर्कमध्ये मिगेल ब्राशी हा आपल्या जोडीदारासोबत दहा वर्षांहून जास्त काळ भाड्याच्या घरात राहत होता. भाडेकरार जोडीदाराच्या नावावर. तो वारला आणि मालकाने ब्राशीला घर सोडायला सांगितलं. नियम असा की फक्त कुटुंबातल्या माणसाला राहता येईल. 1989 साली तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने सांगितलं, कुटुंब आहे की नाही हे दोघं कसे जगले त्यावरून ठरवा. घर वाचलं, पण ते भाड्याचं. मालकीचं काय?

मालकीसाठी अशी जोडपी 'जॉइंट टेनन्सी' करायची. एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक. पण एकाच्या कर्जासाठी सावकार त्याच्या हिश्श्यावर येऊ शकायचा. नवरा-बायकोला मात्र जुन्या इंग्रजी कायद्यातून आलेली 'टेनन्सी बाय द एंटायरटी' मिळायची. त्यात दोघं मिळून एकच मालक, एकट्याला घर विकता येत नाही, आणि बऱ्याच राज्यांत एकट्याच्या कर्जापायी घर जातही नाही. जवळपास निम्म्या राज्यांत ही सोय आहे.

मग एडिथ विंडसर. थिया स्पायरसोबत चाळीसेक वर्षं संसार, 2007 साली टोरांटोत लग्न. 2009 मध्ये थिया गेली आणि सरकारने एडिथकडून 3,63,053 डॉलर वारसाकर घेतला. आजचे तीन कोटींवर रुपये. थियाच्या जागी नवरा असता तर कर शून्य. 1996 च्या केंद्रीय कायद्यात लग्न म्हणजे एक पुरुष, एक स्त्री, एवढंच होतं. 26 जून 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केलं. बरोबर दोन वर्षांनी, 26 जून 2015 ला, ओबर्गफेल खटल्यात सगळ्या राज्यांत लग्नाचा हक्क मिळाला. नवरा-बायकोसाठीचे मालकीचे प्रकारही मग त्यांना खुले झाले. फक्त लग्नाआधी घेतलेल्या घराचा कागद लग्नामुळे सहसा आपोआप बदलत नाही, नवा करून घ्यावा लागतो. तिथेही लोक हे विसरतात.

आपल्याकडे? 2018 साली 377 मधून सुटका झाली, पण 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला मान्यता दिली नाही, तो विषय संसदेचा म्हटलं. म्हणजे वारसाच्या रांगेत जोडीदार नाहीच. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आधी आई, ती नसेल तर वडील, मग भावंडं.

हे सगळं मित्राला सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर आहे रे. मला वाटलं, तेवढं पुरतं."

नाही पुरत. तू गेलास तर तुझा अर्धा हिस्सा तुझ्या वारसांचा. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. दोघांनीही मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, जमलं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. आजच.

त्याला विचारूनच हे लिहिलंय. तो म्हणाला, लिही, माझ्यासारखे आपल्या गावात आणखी असतील.

असतीलच. आणि त्यांचं लग्न कोणाला पटो न पटो, वीस वर्षं मिळून हप्ते भरलेल्या घरातून कोणाला बाहेर काढावं, असं तरी आपल्यापैकी कोणाला वाटतं का?