शिवडीचा चिखल

आमच्या शिवडीच्या खोलीत देवाच्या कॅलेंडरशेजारी आणखी एक कागद टांगलेला असे, भरती-सुकतीच्या वेळांचा. वडील गोदीत कामाला होते. दर जानेवारीला ते तो घेऊन येत आणि आई त्याला हळद-कुंकू लावी. पक्षी बघायला मी त्या कागदावरून शिकले. दुर्बीण फार उशिरा हातात आली. सुकती लागून दोनेक तास झाले की जेट्टीपुढचा चिखल उघडा पडे आणि त्यावर मातकट रंगाचे बारीक पक्षी उतरत. वडील त्या सगळ्यांनाच ‘खाडीतल्या चिमण्या’ म्हणत.

त्यातला खरोखर चिमणीएवढा असतो तो छोटा टिलवा. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात होते आणि हिवाळा काढायला तो आपल्याकडे येतो. चिखल्याची चोच आखूड. तो चार पावलं धावतो, थबकतो, वरवरचं टिपतो. पाणटिवळ्याची चोच लांब आणि सरळ, ती खोल जाते. कोरलाची बाकदार चोच खेकड्याच्या बिळात शिरते. एकाच चिखलात असे मजले आहेत, आणि कोण कुठल्या मजल्यावर जेवणार ते चोचीनं ठरवलेलं. तासन्‌तास बघत बसावं अशी ही पंगत आहे.

माणसांनी मात्र या चिखलाकडे नेहमी दुसऱ्याच नजरेनं पाहिलं. इंग्रजांनी 1680 साली टेकडीवर किल्ला बांधला तो पूर्वेच्या खाडीवर पहारा ठेवायला. पुढे 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाचं सैन्य शिवडीलाच उतरलं. त्यानंतर आली भरणी. गोदीच्या कारभाऱ्यांनी 1908 ते 1912 या काळात माझगाव ते शिवडी 583 एकर जमीन समुद्रातून काढली. त्या पट्ट्यात कापसाची गोदामं उभी राहिली, शेजारच्या स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव मिळालं आणि 1925 पासून हार्बर लाइनवर विजेची गाडी धावू लागली. भरणीच्या हिशेबात जमीन किती निघाली ते लिहितात. चिखल किती गेला ते लिहीत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

पक्षी बघण्याची रीतही तेव्हा वेगळी होती. मुंबईतल्या आठ जणांनी 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांतले एडवर्ड आइटकेन कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरीला होते. त्यांनी मुंबईच्या रोजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं. पण तो काळ बंदुकीचा. पक्षी ओळखायचा तर आधी पाडायचा, मग हातात घेऊन बघायचा. सालिम अलींची वाटसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाली.

बंदुकीच्या जागी पायातलं कडं आलं ते मात्र एका तापामुळे. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये माकडतापाचा विषाणू सापडला. तो रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग शंका आली की गोचिडांबरोबर हा विषाणू पक्ष्यांच्या अंगावरून तर येत नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सोसायटीनं 1959 मध्ये स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. हजारो पक्षी जाळ्यात धरले, पायात ॲल्युमिनियमचं कडं घातलं आणि सोडून दिले. कड्यावर मुंबईच्या सोसायटीला कळवा, एवढंच लिहिलेलं. आपल्या शहराचं नाव पायात घालून एवढासा जीव हिमालयापलीकडे जातो, हे वाचलं तेव्हा मी त्या ‘चिमण्यां’ची नावं शिकायला घेतली.

रोहित पक्षी मोठ्या संख्येनं शिवडीला दिसू लागले ते 1990 नंतरच्या दशकात. गुलाबी थवे बघायला अख्खी मुंबई जेट्टीवर लोटली, हे चांगलंच झालं, कारण त्यांच्यामुळे चिखलाला किंमत आली. राज्य सरकारनं 2015 च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. पण अभयारण्य आहे ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान. जिथून मुंबईनं रोहितांना बघायला सुरुवात केली ती शिवडी त्या हद्दीत नाही. जानेवारी 2024 पासून तिच्या डोक्यावरून अटल सेतूची वाहतूक सुरू आहे.

शेजारच्या कोळीण मावशींकडून मी दोन शब्द उचलले. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण, सप्तमी-अष्टमीचा तो भांग. ‘पोरी, आज भांग हाय, पानी लांब जानार नाय,’ असं त्या म्हणाल्या की मी हिरमुसायची, कारण चिखल थोडाच उघडणार. दुर्बीण आल्यावर उलट कळलं. उधाणाला पाणी पार लांब जातं, त्यामागे पक्षीही जातात आणि ठिपके होतात. भांगाला चिखलाची पट्टी अरुंद राहते, टिलवे जेट्टीच्या जवळच टिपत राहतात आणि त्यांचे काळे पायसुद्धा दिसतात.

आज पौषातली अष्टमी. सुकती दुपारी बाराच्या सुमारास आहे.