सुट्या भागांचा संगणक

महाविद्यालयांत नुकतेंच पाऊल टाकलेला मुलगा किंवा मुलगी हल्लीं वडिलांपुढें एक यादी ठेवते. यादींत प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, स्मृतिपट्ट्या तिसरीच्या, ग्राफिक्स कार्ड चवथीचें, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट आणखी कोणाचीं. आणि हे सारे जिन्नस निरनिराळ्या ठिकाणांहून आणून घरच्या जेवणाच्या टेबलावर जोडावयाचे असतात. हेतु विचारला तर निःसंकोच उत्तर मिळतें कीं, खेळ खेळण्यासाठीं. तयार यंत्र बाजारांत मिळत असतां हा उपद्व्याप कशाला, अशी वडिलांस शंका येते. मोटार घेतांना एंजिन एका कारखान्याचें आणि चाकें दुसऱ्याचीं अशी खरेदी आपण करीत नाहीं. शंका रास्त आहे. मोटारीच्या बाबतींत जें अशक्य, तें संगणकाच्या बाबतींत सतरा वर्षांचें पोर करूं शकतें, त्या अर्थीं मध्यंतरीं कांहीं तरी विशेष घडलेलें असलें पाहिजे. तें काय घडलें, आणि त्यांत खेळाचा हात किती होता, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घरीं जोडण्याच्या संगणकाची कथा सामान्यतः १९७५ च्या जानेवारीपासून सांगतात. त्या महिन्याच्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नांवाच्या यंत्राचें चित्र झळकलें. न्यू मेक्सिको संस्थानांतील अल्बुकर्की येथें एड रॉबर्ट्स यांची एम. आय. टी. एस. ही लहानशी कंपनी हें यंत्र सुट्या भागांच्या रूपानें ३९७ डॉलरांस देत असे. पैसे भरणाऱ्यास एक खोकें मिळे, आणि त्यांतील शेंकडों बारीक तुकडे डाख देऊन त्यानेंच जोडावयाचे. इतकें करून हातीं काय येई? स्मृति २५६ बाइटांची. पडदा नाहीं, कळफलक नाहीं. पुढच्या बाजूस खटक्यांची एक रांग आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची दुसरी. तरीहि मागणीच्या पत्रांचा लोट आला. ५ मार्च रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारखान्यांत कांहीं हौशी मंडळी जमली आणि 'होमब्र्यू कॉम्प्यूटर क्लब' स्थापन झाला. या मंडळींपैकीं स्टीव्ह डॉम्पिअर यांनीं अल्टेअरजवळ एक साधा रेडिओ ठेवला, आणि यंत्राच्या विद्युत्-स्पंदनांनीं त्यांत उठणारी खरखर अशा खुबीनें जुळविली कीं, तिच्यांतून गाण्याचे सूर निघूं लागले. ज्या यंत्रास अद्याप धड उपयोग सांपडला नव्हता, त्याला प्रथम करमणुकीचा उपयोग सांपडावा, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याच क्लबांतील स्टीव्ह वॉझ्निअक यांनीं अटारी कंपनीसाठीं 'ब्रेकआउट' या चेंडू-विटांच्या खेळाची जुळणी रचली होती. १९७७ च्या 'ॲपल २' मध्यें रंग, ध्वनि आणि हातांत धरावयाचे फिरते खटके यांची योजना आपण तोच खेळ घरच्या यंत्रावर लिहितां यावा म्हणून केली, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे.

परंतु हा सारा कुशल कारागिरांचा संसार होता. ज्यास डाख देतां येत नाहीं अशा मनुष्यानें केवळ विचारानें भाग निवडावे आणि एका स्क्रू-ड्रायव्हरनें ते जोडावे, ही स्थिति येण्यास एक बलाढ्य कंपनी घाईंत सांपडावी लागली.

आय. बी. एम. ही ती कंपनी. आपल्या यंत्रांतील महत्त्वाचे भाग स्वतःच घडविण्याची तिची परंपरा होती. पण लहान संगणकांचा बाजार हातचा जाईल अशी धास्ती वाटून १९८० सालीं तिनें फ्लॉरिडांतील बोका रेटन येथील एका छोट्या तुकडीस सुमारें वर्षभरांत यंत्र तयार करण्यास फर्माविलें. पुढें डॉन एस्ट्रिज हे तिचे प्रमुख झाले. एवढ्या मुदतींत नवा प्रोसेसर घडविणें शक्य नव्हतें, म्हणून इंटेलचा ८०८८ घेतला. कार्यप्रणालि मायक्रोसॉफ्टकडून घेतली. आंत पांच खांचा ठेविल्या, कीं दुसऱ्यांनीं केलेलीं कार्डें तींत बसावींत. आणि अशीं कार्डें लोकांनीं करावींत म्हणून यंत्राचे आराखडे व त्याला जागें करणाऱ्या मूळ आज्ञावलीचा, म्हणजे बायॉसचा, पाठ एका पुस्तकांत छापून तें विकावयास ठेविलें. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं यंत्र जाहीर झालें. सर्वांत साध्या नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर होती.

आमच्या मतें यंत्राहूनहि हें पुस्तक अधिक महत्त्वाचें. भाग बाजारांत मिळत होते, आराखडा छापलेला होता. मालकीचें असें काय तें बायॉसच्या पाठाचेंच कवच उरलें होतें, आणि तें ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याचें होतें. पाठ उतरून घेणें गुन्हा; पण तें कार्य दुसऱ्या शब्दांत करणें गुन्हा नव्हे. टेक्सासमधील कॉम्पॅक कंपनीनें यावर जी युक्ति योजिली ती मोठी मार्मिक आहे. एका तुकडीनें मूळ पाठ वाचून तो काय करतो एवढेंच लिहून काढावयाचें, आणि ज्यांनीं मूळ पाठ डोळ्यांनींहि पाहिलेला नाहीं अशा दुसऱ्या तुकडीनें त्या वर्णनावरून नवा पाठ रचावयाचा. केवळ मल्लिनाथाची टीका हातीं देऊन एखाद्यास पुन्हां मेघदूत लिहावयास बसवावें, अशांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें तो साधला. १९८२ च्या नोव्हेंबरांत कॉम्पॅकनें आपलें यंत्र जाहीर केलें. १९८४ सालीं फीनिक्स कंपनी अशाच रीतीनें केलेला बायॉस मागेल त्यास विकूं लागली, आणि मग कोणत्याहि कारखानदारास हें यंत्र किंवा त्याचा एखादा भाग करण्यास आडकाठी उरली नाहीं.

हीं प्रतिरूप यंत्रें अस्सलाबरहुकूम चालतात कीं नाहीं, हें गिऱ्हाइकानें कसें ओळखावें? त्या काळीं याच्या दोन कसोट्या रूढ होत्या. एक 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रोग्रॅम, आणि दुसरी मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर', म्हणजे विमान उडविण्याचा खेळ. हे दोन्ही यंत्राच्या इतक्या अंतरंगांत शिरत कीं, अनुकरणांत तिळभर कसर असली तरी अडखळत. यंत्राचा खरेपणा खेळानें पारखावयाचा, हा प्रघात त्या वेळेपासूनचा आहे. आय. बी. एम. ला आपली चूक उमगली तेव्हां तिनें १९८७ सालीं नव्या, परवाना घेतल्यावांचून वापरतां न येणाऱ्या खांचा काढल्या. परंतु कॉम्पॅकप्रभृति नऊ कंपन्यांनीं पुढील वर्षीं एकी करून स्वतःची निराळी पद्धति पुढें केली, आणि सुटलेली गाय पुन्हां दाव्याला आली नाहीं. २००५ सालीं आय. बी. एम. चा हा धंदाच लेनोव्हो या चिनी कंपनीच्या हातीं गेला.

भाग निवडण्याची मोकळीक मिळाली. पण निवड कशावरून करावी, हें शिकविलें तें खेळांनींच. १९९६ च्या सुमारास सायरिक्स कंपनीचा '६ एक्स ८६' हा प्रोसेसर कचेरीच्या कामांत इंटेलच्या पेंटियमशीं बरोबरी करी आणि किंमतीनें स्वस्त पडे. मात्र अपूर्णांकांचें गणित करणारें त्याचें अंग दुर्बळ होतें. पत्रें लिहिणाऱ्यास हें वैगुण्य कळण्याचें कारणच नव्हतें. त्या वर्षीं २२ जून रोजीं इड सॉफ्टवेअरचा 'क्वेक' हा खेळ बाहेर आला. त्यांतील भुयारें आणि राक्षस त्रिमिति भूमितीनें क्षणोक्षणीं मोजून काढलेले असत, आणि तें मोजमाप पेंटियमच्या अपूर्णांक-गणितावर भिस्त ठेवून लिहिलेलें होतें. परिणाम असा झाला कीं, पेंटियमवर सुरळीत चालणारा खेळ सायरिक्सवर रडतखडत चालूं लागला, आणि ज्यांनीं केवळ वेगाचा आंकडा पाहून खरेदी केली होती त्यांस आंकड्याच्या आंत काय असतें तें समजलें. एखाद्या पाठ्यपुस्तकानें हा धडा इतका पक्का करून घेतला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याच वर्षीं थ्रीडीएफएक्स कंपनीचें 'व्हूडू' कार्ड निघालें. त्याला त्रिमिति चित्रांखेरीज दुसरें कांहींच काढतां येत नसे. रोजच्या कामाचें जुनें कार्ड तसेंच ठेवून बाहेरून एका आंखूड तारेनें दोहोंची गांठ घालावी लागे. असें एकांगी कार्ड लोकांनीं पदरचे पैसे मोजून घेतलें, तें निव्वळ खेळासाठीं. १९९९ मध्यें एनव्हिडिआनें 'जीफोर्स २५६' काढलें, आणि पुढच्या वर्षाअखेर थ्रीडीएफएक्सची मालमत्ताहि तिनेंच घेण्याचा करार केला. या कार्डावर पडणारा बोजा वाचकांनीं एकदां मोजून पाहावा. सामान्य पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लक्ष ७३ हजार ६००. चित्र हलतें दिसावें म्हणून तें सेकंदास साठ वेळां नव्यानें रंगवावयाचें, म्हणजे दर सेकंदास साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके. कोण कोठें उभा आहे, गोळी कोणास लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो. रंगारी तो कार्ड. हिशेबनीस मंद असेल तर रंगारी हात जोडून बसतो, आणि रंगारी मंद असेल तर हिशेबनीस. नवशिके सारे पैसे एकावरच उधळतात आणि उरलेल्या चिल्लरींत पॉवर सप्लाय घेतात; हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण त्याचा बिघाड बाकीच्या भागांनाहि घेऊन जाऊं शकतो. खेळ कोणते, पडदा कोणता, यांवरून कार्ड ठरवावें, कार्डावरून प्रोसेसर, आणि या दोहोंच्या भुकेवरून पॉवर सप्लाय, हाच क्रम आम्हांस सयुक्तिक वाटतो.

जोडणीचें काम आज सोपें झालें आहे तेंहि आपोआप नव्हे. जुन्या मदरबोर्डांस विजेचे दोन जुडगे शेजारीं शेजारीं लावावे लागत. काळ्या तारा मधोमध एकमेकींलगत याव्या, असा नियम. जुडग्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळून जाण्याची भीति. १९९५ सालीं इंटेलनें 'ए. टी. एक्स.' हा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हां त्या जुडग्यांच्या जागीं उलटा बसूंच न शकणारा एकच जोड आला.

आपल्याकडे ही मोकळीक वेगळ्या वाटेनें आली. १९८४ च्या संगणक-धोरणानें आयातीचे निर्बंध सैल झाले, १९९१ नंतर आणखी सैल झाले, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली यांसारख्या ठिकाणीं सुट्या भागांच्या पेठा फुलल्या. येथें जुळणी ही हौस नव्हती, काटकसर होती. नामांकित कंपनीचें यंत्र परवडत नसे म्हणून 'असेंबल्ड' घ्यावयाचें. तेंहि 'अभ्यासासाठीं' असें म्हणून. भाग दुकानदारच निवडी, दुकानांतला पोऱ्याच जोडी, आणि मध्यमवर्गीय गृहस्थ पावतीकडे पाहून मान डोलावी. आजचा मुलगा यादी स्वतः करतो आणि प्रत्येक ओळीचें कारण सांगूं शकतो, हा बदल आम्हांस त्या यंत्राच्या वेगाहून अधिक मोलाचा वाटतो.

तरी या मोकळीकीवर आतां निराळेंच संकट आलें आहे, आणि तें खेळाच्याच पोटीं जन्मलें आहे. खेळांच्या पैशावर पोसलेल्या त्या कार्डांना एकाच वेळीं असंख्य गणितें करण्याची संवय लागली होती. आधीं आभासी चलनाचे खणक तिच्यामागें लागले, आणि २०२० पासून दोन वर्षें कार्डें दुप्पट दामांनींहि मिळेनात. सप्टेंबर २०२२ मध्यें 'इथेरियम' या चलनानें आपली पद्धति बदलली तेव्हां तो भर ओसरला. पाठोपाठ कृत्रिम बुद्धिमत्तेचे कारखाने आले. त्यांस कार्डेंहि हवींत आणि स्मृतिहि हवी. २०२५ च्या डिसेंबरांत मायक्रॉन कंपनीनें 'क्रूशल' या नांवानें किरकोळ गिऱ्हाइकांस स्मृतिपट्ट्या विकण्याचा आपला धंदा आवरता घेत असल्याचें जाहीर केलें. मोठ्या गिऱ्हाइकांची मागणी पुरविणें हें त्याचें कारण. यादी घेऊन बसलेल्या मुलास आतां वडिलांशींच नव्हे, तर अशा गिऱ्हाइकांशींहि झगडावें लागतें, आणि स्मृतिपट्टीची ओळ त्यास वारंवार खोडून लिहावी लागते.

बाकीच्या ओळी मात्र अजून शाबूत आहेत. १९९५ च्या त्या आराखड्यांत स्क्रूंसाठीं जीं भोकें ज्या अंतरावर ठरविलीं, तींच आजच्या पूर्ण आकाराच्या मदरबोर्डासहि लागतात. माळ्यावर पडलेल्या पंचवीस वर्षांपूर्वींच्या कॅबिनेटांत नवा बोर्ड अजून चपखल बसतो; फक्त आंत हवा पुरेशी खेळत नाहीं.