मृत्युपत्र आणि कन्येचा वाटा

हळदीच्या बाजारपेठेसाठी ख्यातनाम असलेले वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. येथील ख्रिस्ती माणसाच्या पश्चात त्याच्या घरादाराचे वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर १ एप्रिल १९५१ या दिवसाशी निगडित आहे. त्या दिवशी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा 'ब' वर्ग राज्यांना लागू झाला. हैदराबाद हे त्यांपैकी एक. त्रावणकोर-कोचीन हे दुसरे.

त्रावणकोरात १९१६ पासून ख्रिस्ती लोकांसाठी वेगळा कायदा होता. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. १९५१ नंतरही हीच रूढी चालू राहिली. अखेर कोट्टायमच्या शिक्षिका मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की तो जुना कायदा १९५१ सालीच संपुष्टात आला आहे. कन्येचा वाटा पुत्राइतकाच ठरला.

मृत्युपत्र नसल्यास आज पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना समसमान, असा नियम आहे. मग मृत्युपत्राची गरज काय, असे कोणी विचारील. गरज अशी, की कायदा अपूर्णांक जाणतो, माणसे जाणत नाही. मुलेबाळे असलेला पुरुष मृत्युपत्राविना वारला, तर त्याच्या वृद्ध आईला कायद्याने काहीही मिळत नाही. आधीच वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या लेकरांना मिळतो. विधवा सून मात्र रिक्तहस्त राहते. आयुष्यभर त्या घरात राबलेल्या या दोघींना आधार द्यावयाचा, तर तो कागदावर लिहूनच द्यावा लागतो.

परंतु हे शस्त्र दुधारी आहे. १९८६ च्या निकालानंतर केरळातील अनेक पित्यांनी मृत्युपत्रे करूनच मुलींना वगळले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून निम्मी मालमत्ता मुलाबाळांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव असते. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर असे बंधन नाही. जेथे कायद्याचे बंधन नाही, तेथे सद्सद्विवेकबुद्धीचे बंधन अधिक कडक असले पाहिजे.

विधी अगदी साधा आहे. मृत्युपत्रावर स्वतःची सही असावी व दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी. साक्षीदार किंवा त्याचा पतीपत्नीपैकी जोडीदार यांना दिलेली देणगी रद्द ठरते. म्हणून लाभ घेणाऱ्याला साक्षीला बसवू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण हितावह आहे. मृत्युपत्रानंतर विवाह केल्यास ते रद्द होते, हेही ध्यानात ठेवावे.

एक मनुष्य भावाविरुद्ध वारशाची तक्रार घेऊन प्रभू येशूकडे आला, तेव्हा प्रभूने वाटणी करून देण्यास नकार दिला व लोभापासून सावध राहण्यास सांगितले. आम्हा धर्मगुरूंकडेही अंत्यविधीनंतर अशी भावंडे येतात. त्या वेळी ज्याचा शब्द सर्वांनी मानला असता, तोच मातीआड गेलेला असतो. त्याने तो शब्द हयातीत, न्यायाने, लेकीसुनांचे स्मरण ठेवून लिहून ठेवावा.