शब्दकोडी व बक्षीस-स्पर्धा

दिलेल्या वर्णांपासून किंवा काही वर्ण दिलेल्या रिकाम्या घरांतून अर्थपूर्ण शब्द शोधून काढण्याचा बौद्धिक खेळ म्हणजे शब्दकोडे. विरंगुळा म्हणून सुरू झालेल्या या खेळाला विसाव्या शतकात बक्षिसांची जोड मिळाली आणि त्यातून बुद्धिकौशल्य कोठे संपते व जुगार कोठे सुरू होतो, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे आला.

अक्षरांचे खेळ भारतात प्राचीन काळापासून आढळतात. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका, प्रतिमाला व अक्षरमुष्टिकाकथन यांचा समावेश आहे. तथापि इंग्रजी शब्दकोड्याचा पाया वेगळा आहे. देवनागरीत एका घरात स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर, प्रसंगी जोडाक्षरही बसते. इंग्रजीत मात्र अवघ्या २६ सुट्या वर्णांतून सर्व शब्द घडतात व प्रत्येक घरात एकच वर्ण येतो. त्यामुळे वर्णांची नुसती अदलाबदल केली, तरी नवा शब्द तयार होऊ शकतो. ‘लिसन’ (ऐकणे) आणि ‘सायलेंट’ (निःशब्द) हे शब्द उच्चारात भिन्न असले, तरी दोहोंत तेच सहा वर्ण आहेत. सात भिन्न वर्णांच्या मांडण्या ५,०४० होतात; त्यांपैकी शब्द ठरणाऱ्या मोजक्याच असतात. अशा शब्दांचा शोध घेण्याची शास्त्रीय रीत म्हणजे प्रत्येक शब्दातील वर्ण वर्णानुक्रमे लावणे. ज्यांची अनुक्रमित मांडणी सारखी येते, ते शब्द एकाच वर्णसमूहाचे असतात.

आधुनिक शब्दकोड्याचा उगम अमेरिकेत झाला. आर्थर विन याचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. १९२४ मध्ये शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले, तर लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० मध्ये कोडे देण्यास प्रारंभ केला. आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञाने वृत्तपत्रांतील वर्णांची वारंवारता मोजून १९३८ च्या सुमारास सोंगट्यांचा एक खेळ रचला. तोच १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्याच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांपैकी १२ ‘ई’ या वर्णाच्या असून तिचे मूल्य एक गुण आहे. ‘क्यू’ व ‘झेड’ यांची प्रत्येकी एकच सोंगटी असून तिचे मूल्य दहा गुण आहे.

बक्षीस-स्पर्धांतील कोड्यांचे स्वरूप निराळे होते. त्यांत बहुतेक वर्ण छापलेले असत व एखादेच घर रिकामे ठेवलेले असे. उदाहरणार्थ, ‘ओ-ओ-के’ हे तीन वर्ण देऊन पहिले घर रिकामे ठेवल्यास बुक (पुस्तक), कुक (स्वयंपाकी), हुक (आकडा) हे तिन्ही शब्द जमतात. सूचक वाक्य ‘घरात याच्यावाचून अडते’ असे असल्यास तिन्ही उत्तरे समर्थनीय ठरतात. मात्र बक्षीस संयोजकाने आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेल्या उत्तरालाच मिळते. अशी दहा घरे असून प्रत्येकाला दोनच पर्याय असले, तरी १,०२४ वेगवेगळी उत्तरे संभवतात. प्रत्येक प्रवेशिकेमागे शुल्क असल्याने अधिक प्रवेशिका पाठविणाऱ्याची संधी वाढे आणि संयोजकाचे उत्पन्नही वाढे. शब्दज्ञान येथे पर्याय ओळखण्यापुरतेच उपयोगी पडे. त्यांतून निवड करणे हा योगायोगाचा भाग होता.

मुंबई प्रांतात १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविण्यात आला; पण प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धा त्यातून वगळलेल्या होत्या. १९५२ च्या दुरुस्तीने ही सवलत रद्द झाली. तेव्हा बंगलोर येथून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून कोडी चालविणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे निकाल राज्याच्या विरोधात गेला. दरम्यान, मुंबईसह अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावरून संसदेने बक्षीस-स्पर्धा अधिनियम, १९५५ संमत केला. अक्षरे, शब्द वा आकडे यांची रचना, मांडणी किंवा अदलाबदल यांवर आधारलेल्या कोड्यांना त्याने व्याख्येत आणले. महिन्याच्या बक्षिसांची मर्यादा १,००० रुपये व प्रत्येक स्पर्धेतील प्रवेशिकांची मर्यादा २,००० ठरविली.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर दोन निर्णय दिले. जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे ठरवून न्यायालयाने मुंबई राज्याचे अपील मान्य केले. केंद्रीय अधिनियमाबाबतच्या दुसऱ्या निर्णयात मात्र एक महत्त्वाची मर्यादा घातली : ज्या स्पर्धेतील यश भरीव प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते, तिला हा अधिनियम लागू नाही. अशा रीतीने शब्द शोधणारा आणि शब्दावर पैज लावणारा यांच्यात विधीने भेद केला.

नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या दिवशी विदर्भासह ते मुंबई राज्यात आले. भिन्न प्रदेशांतून बनलेल्या या राज्याकरिता लॉटरी व बक्षीस-स्पर्धा यांच्या करासंबंधी १९५८ मध्ये एकच कायदा करण्यात आला व तो नागपूरलाही लागू झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावरही तो चालू राहिला.

कौशल्य व योगायोग यांतील हा भेद पुढे घोड्यांच्या शर्यतींसंबंधीच्या १९९६ च्या निर्णयातही आधारभूत मानला गेला. २०२५ च्या केंद्रीय अधिनियमाने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता तो बाजूला सारला व अशा सर्व खेळांना मनाई केली. पैशाविना सोडविले जाणारे शब्दकोडे या वादापासून अलिप्त राहिले आहे. त्यात उत्तर एकच असावे व ते वाचकाला विचारान्ती सापडावे, ही जबाबदारी कोडे रचणाऱ्यावरच असते.