सभेचा दिवस आणि बुडालेला रोज

आमच्या गटातल्या एक ताई ग्रामपंचायत सदस्य आहेत. मासिक सभा आली की त्यांचा खुरपणीचा रोज बुडतो.

हे दुखणं जुनं आहे. 1838 साली इंग्लंडच्या कामगारांनी मागणी केली, खासदारांना पगार द्या; नाहीतर गरीब माणूस काम सोडून संसदेत बसणार कसा? पगार मिळाला 1911 साली, वर्षाला 400 पौंड. कामगारांच्या पिढ्या वाट बघतच गेल्या म्हणा ना!

तिथल्या नगरपालिकांचे सदस्य मात्र बिनपगारीच राहिले. 1907 च्या कायद्यानं बायकांनाही त्या खुर्च्या खुल्या झाल्या, पण सभेसाठी मजुरी सोडायची कुणी? 1948 साली बुडालेल्या कमाईची भरपाई ठरली. आता गंमत बघा. कमाई बुडाली तर भरपाई. जी चूल, पोरं, म्हातारी माणसं सांभाळून सभेला येते, तिची कमाई कुठल्या कागदावर दाखवणार? पुढे 1972 च्या कायद्यानं हजेरीचा भत्ता आणला. कमाई बुडो न बुडो, सभेला आलात की भत्ता. घरच्या बाईचा वेळही तेव्हा हिशेबात आला.

ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि आदल्या रात्री कागद वाचत बसते, ते कोण धरतं गं?"