लोणारचे गुलाबी पाणी आणि आपल्या घरचे मीठ



जून २०२० आठवतो ना? लॉकडाऊनमुळे श्रीगोंद्यात आपण सगळ्या घरातच होतो आणि मोबाईलवर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे फोटो आले. हिरवट पाणी गुलाबी झाले होते. कुणी देवीचा कोप म्हणाले, कुणी चमत्कार. मिठात जीव असतो हे आता विज्ञानाने मान्य केले, जिनवाणी सिद्ध झाली, असाही एक मेसेज फिरला. मीही तो पुढे पाठवला. नंतर वाचत गेले, तेव्हा आपण घाई केली हे कळले.

लोणारच्या खारेपणाचा इतिहास जुना आहे. लोककथेत इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारले. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचे. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडाचे वर्णन करताना लिहिले की काच आणि साबण यांना लागणारा माल इथे मिळतो. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा, यावर पुढे दीडशे वर्षे वाद चालला. १९७३ च्या सुमारास तो उल्केच्या आघातानेच झाल्याचे दाखवले गेले. खड्ड्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे.

पाणी खारे का, हे मी माझ्या बी.कॉम.च्या भाषेत सांगते. झरे आणि पाऊस ही सरोवराची जमा. पण बाहेर जायला ओढा नाही, त्यामुळे खर्च फक्त वाफेचा. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. दरवर्षीची शिल्लक पुढच्या वर्षात ओढली जाते. म्हणून तिथे मीठही आहे आणि सोड्याच्या जातीचे क्षारही.

आता त्यातले सूक्ष्म जीव. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. साध्या जिवाणूचेही तेच होते, त्याच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याची वाढ थांबते. लोणचे टिकते ते यामुळे. पण काही जीव मिठातच वाढतात. त्यांच्या दोन रीती आहेत. एका जातीचे जीव पोटॅशियमचे क्षार भरपूर आत घेऊन आतबाहेर बरोबरी साधतात. त्यांची सगळी घडण मिठासाठीच असते, पाणी फार गोडे झाले तर त्यातले बरेचसे टिकत नाहीत. दुसऱ्या जातीचे जीव बीटेनसारखे पदार्थ आत साठवतात. खारेपणा वाढला की साठा वाढवतात, पाऊस पडून पाणी पातळ झाले की जास्तीचा साठा सोडून देतात. (बीटेन हे नाव बीटावरून पडले. बीट आपल्याकडे कंदमूळ म्हणून चालत नाही, पण नाव घ्यायला हरकत नसावी!)

त्या उन्हाळ्यात लोणारचे पाणी आटले आणि खारेपणा वाढला. रंग शैवालाचा असेल, असा आधी अंदाज होता. वनखात्याने नमुने पाठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की हे मीठप्रिय ‘हॅलोआर्किया’ आहेत. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातलेच गुलाबी द्रव्य ते तयार करतात, त्याने कडक उन्हापासून रक्षण होते. नमुन्याची बाटली स्थिर ठेवली तर जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. पावसाचे पाणी आल्यावर सरोवराचा रंगही ओसरला. यात कोप नव्हता आणि चमत्कारही नव्हता. अनुकूल दिवस आले तेव्हा त्यांची संख्या वाढली, एवढेच.

मग माझा मेसेज कुठे चुकला? ‘जीवविचार’ प्रकरणात मिठाची गणना पृथ्वीकायात आहे. म्हणजे मीठ हेच त्या एकेंद्रिय जीवाचे शरीर. शास्त्रज्ञ सांगतात ते खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या वेगळ्या जीवांबद्दल. ही दोन विधाने एक नाहीत. एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यात जमा केली तर हिशेब जुळल्यासारखा दिसतो, पण तो खरा नसतो. आणि उद्या प्रयोगशाळेने वेगळे काही सांगितले, तर आपण श्रद्धा सोडणार आहोत का?

माझ्या सासूबाई कच्चे मीठ तव्यावर भाजून, अचित्त करूनच वापरायच्या. त्यांनी कधी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता. न दिसणाऱ्या जीवाचीही जयणा पाळायची, एवढेच त्यांना ठाऊक होते आणि ते पुरेसे होते. लोणारने मला एवढे शिकवले, की जिथे काही जगत नसेल असे आपण धरून चालतो, तिथेही डोळे उघडे ठेवावेत. आणि मेसेज पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबावे, तीही जयणाच.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.